साखर कारखान्याचा व्यायाम

व्यायामाने माणसाचं आयुष्य वाढतं आणि संस्थेचा खर्च घटतो, या महान सत्याचा साक्षात्कार आमच्या सहकारी साखर कारखान्याला ज्या सकाळी झाला, त्या सकाळी मी मैदानावर हजर होतो. साक्षात्कार सांगायला चेअरमन नानासाहेब खराडे जातीने आले होते. थंडी फार होती म्हणून जीपमधून उतरले मात्र नाहीत. काच चार बोटं खाली करून त्यांनी कारखान्याच्या इतिहासात आरोग्याचं नवं पर्व सुरू झाल्याचं जाहीर केलं आणि काच वर केली.

मग काच पुन्हा खाली आली.

"उपळेकर, इकडं या जरा."

मी गेलो. मी तेव्हा कारखान्याचा कामगार कल्याण अधिकारी होतो, हंगामी. म्हणजे कल्याण कायमचं, अधिकारी तात्पुरता.

"आपल्या दवाखान्याचं बिल बघितलंय का तुम्ही? निम्मं बिल नुसतं मधुमेहाचं. गोळ्या, इन्सुलिन, पायाच्या जखमा, डोळे. अहो, साखर आपण पोत्यात भरायची का माणसात?"

"बरोबर आहे साहेब."

"तो तिकडचा कारखाना. त्यांनी कामगारांना आणि गावाला सकाळी व्यायाम सुरू केला. बिल खाली आलं म्हणे. आता सप्टेंबरात आपली वार्षिक सभा. तोवर मधुमेहाचं बिल खाली आलं, तर तुमची कायमची ऑर्डर माझ्या सहीनं. नाही आलं, तर..." त्यांनी सहानुभूतीने माझ्याकडे पाहिलं. "तर तुम्ही शिकलेले आहात. कुठंही लागाल."

काच वर गेली. मैदानावर तेव्हा व्यायामाला मी, वसाहतीतली तीन म्हातारी माणसं आणि एक कुत्रा एवढेच होतो. कुत्रा सगळ्यांत उत्साही होता.

कायम होणं मला फार निकडीचं होतं. तासगावच्या वसंतराव रेठरेकरांच्या हेमांगीशी माझं लग्न जमलं होतं, म्हणजे सगळं जमलं होतं आणि फक्त कायम होण्यावर अडलं होतं. रेठरेकरांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. बोलायला मऊ माणूस, पण मुद्दा सोडत नसत. त्याच आठवड्यात ते माझ्या भाड्याच्या खोलीवर आले. मी शेजारच्या काकूंकडून बेसनाचे लाडू मागून आणले होते. त्यांनी ताटली हळूच बाजूला सरकवली.

"गोडाची मला आवड नाही," असं म्हणून ते लाडवांकडे बघत बसले.

"हेमांगी बरी आहे ना?" मी विचारलं.

"बरी आहे. क्वार्टर कायम माणसालाच मिळतं ना?"

"हो."

"पाणी दोन वेळा. लाइट सवलतीत. शाळा आहे. दवाखाना आहे. चांगला आहे म्हणे दवाखाना?"

"फार चांगला. डॉक्टर मुजावर मॅडम आहेत."

"तुमचे आई-वडील दोघंही नाहीत, नाही का?"

"नाहीत."

"वाईट झालं," ते म्हणाले, आणि बराच वेळ काहीतरी विचार करत राहिले. मला गहिवरून आलं. असा सासरा मिळायला भाग्य लागतं असं वाटलं. उठताना ते म्हणाले, "तेवढं कायमचं बघा. मुलगी मी हंगामी माणसाला देणार नाही. मुलगी काही हंगामी नाही."

तर व्यायामाला माणसं जमवणं भाग होतं. मी वसाहतीत पत्रकं वाटली, कर्ण्यावरून ओरडलो, घरोघर गेलो. "येतो की साहेब," असं सगळे म्हणाले आणि कुणीही आलं नाही. आमच्या भागात 'येतो की' हे नकाराचं सभ्य रूप आहे. शेवटी संचालक मंडळाच्या बैठकीत मी स्पर्धेची कल्पना मांडली. मधुमेह असलेल्यांची आता एक रक्ततपासणी करायची, ऑगस्टात दुसरी. मधल्या काळात रोज व्यायाम. ज्याची साखर सर्वांत जास्त उतरेल त्याला वार्षिक सभेत बक्षीस.

"बक्षीस काय?" नानासाहेबांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगितलं, "पन्नास किलो साखर."

सगळे संचालक म्हणाले, "मंजूर."

यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. आमच्या कारखान्यात कुस्ती जिंकली तरी साखर, पोरगा बोर्डात आला तरी साखर, निवृत्त झालं तर नारळ आणि साखर. मी पत्रक टाइप करून दवाखान्यात नेऊन दिलं. डॉक्टर शमा मुजावर मिरजेच्या. बारीक, चष्मेवाल्या, आणि बोलताना चेहऱ्यावरची रेघ हलू न देणाऱ्या. त्यांनी पत्रक एकदा वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

"उपळेकर, मधुमेह सगळ्यांत चांगला आटोक्यात आणणाऱ्याला तुम्ही एक पोतं साखर देणार?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"मंडळाचा ठराव आहे मॅडम."

"ठराव करताना कुणी हसलं नाही?"

"मॅडम, पन्नास किलो साखरेला आमच्याकडे कुणी हसत नाही."

त्यांनी पत्रक फळ्यावर लावलं.

साखरेचं पोतं म्हटल्यावर काय सांगावं! नावं द्यायला दवाखान्याच्या दारात रांग लागली. अडचण एकच होती. स्पर्धा मधुमेह असलेल्यांसाठी, आणि रांगेतल्या निम्म्याअधिक लोकांना मधुमेह नव्हता. ही उणीव त्यांनी आपापल्या परीने भरून काढायचं ठरवलं होतं, हे मला तपासणीच्या सकाळी कळलं.

तपासणी उपाशीपोटी होती. जानेवारी म्हणजे हंगाम ऐन भरात. कारखान्यात रस हवा तेवढा. सकाळी सातला दवाखान्यासमोर शेपटासारखी रांग, सगळ्यांच्या मिशा ओल्या, आणि रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माश्या.

डॉक्टरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "या रांगेवर एवढ्या माश्या का?"

"कारखाना हाय न्हवं मॅडम," रांगेतून उत्तर आलं. "माश्या असायच्याच."

"तुम्ही काही खाल्लंय का?"

"देवाशप्पथ एक घास न्हाई!"

हे खरं होतं. घास कुणी घेतला नव्हता. पण उसाचा रस तांब्याने प्यायले होते सगळे. त्यामागचा हिशोब साधा होता: आज साखर जितकी वर, ऑगस्टात तितकी खाली आलेली दिसणार. शिवाय ज्यांना मधुमेह नाही ते निदान सकाळपुरते तरी पात्र ठरणार.

रांगेत सगळ्यांत शेवटी शिवमूर्ती बिराजदार उभा होता. शिवमूर्ती ऊस यार्डातला मुकादम. गाड्या, ट्रॅक्टर, ट्रॉल्या ओळीत लावायचं काम. त्याने "थांब!" म्हटलं की बैल थांबायचे, ट्रॅक्टर थांबायचे, आणि एकदा तर सहकार खात्याचा अधिकारी मोटारीतून उतरून थांबला होता. ऐन उमेदीत कुस्ती केलेला गडी. दवाखान्याची पायरी चढायची वेळ कधी आली नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. असा माणूस पोतं उचलणारच, म्हणून रसाची युक्ती त्याला कुणी कळू दिली नव्हती. तो बिचारा खरोखरच उपाशी आला होता.

संध्याकाळी निकाल आले. एका सकाळीत कारखान्यातल्या मधुमेहींची संख्या तिप्पट झाली होती. आणि सगळ्यांत वर, चारशेच्याही पुढे, शिवमूर्तीचं नाव.

यार्डात गदारोळ उठला.

"शिवा, लेका, किती तांबे मारलेस?"

"कशाचं तांबे?"

"आता नको नाटक! आम्ही दोन तांब्यांत पावणेदोनशेवर, तू चारशेवर! कढईतच पडला हुतास का काय?"

"आईच्यान, पाणीसुदीक पिलो न्हाई!"

"ऐका! पाणीसुदीक न्हाई म्हणे! साहेब, हा लबाडी करतोय, ह्याला स्पर्धेतनं काढा!" हे मला उद्देशून होतं, आणि बोलणाऱ्याच्या मिशीवर अजून एक माशी होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी शिवमूर्तीला समोर बसवलं. मीही होतो.

"बिराजदार, चप्पल काढा."

"पायाचं काय न्हाई मॅडम, रक्ताचं हाय म्हणत्यात."

"काढा."

त्याने चप्पल काढली. चपलेच्या तळातून एक खिळा अर्धं बोटभर वर आलेला होता, आणि त्याच्या तळव्याला तेवढंच काळं भोक होतं. मला बघवलं नाही. शिवमूर्तीने पाय उलटा करून कुतूहलाने पाहिलं, जणू काही दुसऱ्याचा पाय आहे.

"ह्यो कवा लागला?"

"तेच मी विचारतेय. दुखलं नाही?"

"न्हाई की."

"दुखायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ पहिल्यांदाच थोडी हलली. "या रांगेत आज एकच माणूस खरं बोलला. त्याला आत्ता सांगलीला न्यायचं आहे. उपळेकर, जीप."

"जीप चेअरमनसाहेबांची आहे मॅडम."

"म्हणूनच म्हटलं. ती उभीच असते."

शिवमूर्ती जवळजवळ तीन आठवडे सांगलीच्या मोठ्या इस्पितळात होता. एक बोट गेलं, पाय राहिला. इकडे डॉक्टरीणबाईंनी रसाच्या रांगेतल्या एकालाही गोळी दिली नाही. "इतक्या माणसांना एका रात्रीत मधुमेह होत नाही," असं म्हणून त्यांनी सगळ्यांचं रक्त मागच्या तीन महिन्यांची साखर सांगणाऱ्या तपासणीसाठी शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवलं. त्या तपासणीपुढे तांब्याची मात्रा चालली नाही. बहुतेक सगळे ठणठणीत निघाले आणि स्पर्धेतून बाद झाले. पण त्या खोट्यांच्या गर्दीत आठ-दहा खरे निघाले, ज्यांना आपल्याला काही झालंय हे ठाऊकच नव्हतं. त्यांची औषधं सुरू झाली. आणि या सगळ्याचं बिल कारखान्याच्या पत्त्यावर यायला लागलं.

नानासाहेबांनी मला बोलावून घेतलं.

"उपळेकर, बिल खाली आणायला सांगितलं होतं."

"हो साहेब."

"हे वर गेलंय."

"हो साहेब."

"व्यायामानं साखर वाढती का?"

"नाही साहेब. आधीच होती. आता सापडली."

"तुम्हाला शोधायला कुणी सांगितलं होतं?" ते वैतागून म्हणाले. "हे बघा, ह्या एका पायाचं बिल. एवढ्यात एक बैलजोडी आली असती."

त्यांनी चहा मागवला, दोन चमचे साखर जास्त घालून.

उन्हाळ्यापर्यंत शिवमूर्ती काठी टेकत मैदानावर हजर झाला. पळायला, उड्या मारायला त्याला बंदी. चालणं आणि बसल्या जागी हात हलवणं एवढंच. पण गप्प बसणं त्याच्या रक्तात नव्हतं. पहिल्या दिवशी माझे कवायतीचे आकडे त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सायेब, रागावू नका, पर तुमचा आवाज पार्सल हापिसातल्यासारखा हाय. द्या हिकडं."

त्या दिवसापासून आमच्या व्यायामाचं रूप पालटलं. शिवमूर्ती मधोमध खुर्चीवर बसायचा आणि यार्डातल्या आवाजात गरजायचा: "हात वर!" शंभर हात वर. "खाली!" शंभर खाली. त्याने "खाली" म्हणेपर्यंत कुणाची हात खाली आणायची छाती होत नसे. एकदा त्याला मध्येच ठसका लागला, तर पन्नास माणसं पाचएक मिनिटं हात वर करून उभी होती. बाद झालेलेही यायला लागले. न आलेल्याचं नाव तो यार्डात संध्याकाळी मोठ्याने घ्यायचा. वसाहतीतल्या बायका आल्या, गावातले शेतकरी आले. पावसाळ्यात मैदान पुरेना. झोपेत शिवमूर्तीचा आवाज ऐकू येऊन हात आपोआप वर जातो, अशी तक्रार एका फिटरच्या बायकोने माझ्याकडे केली होती.

ऑगस्टात दुसरी तपासणी झाली. शिवमूर्तीची साखर दीडशेच्या आत आली होती. पोतं त्याचं.

बिल मात्र मागच्या वर्षीपेक्षा वरच राहिलं. वार्षिक सभेची विषयपत्रिका टाइप करायचं काम माझ्याकडेच होतं. विषय क्रमांक नऊ: 'व्यायाम उपक्रमामुळे वैद्यकीय खर्चात वाढ झाल्याने सदर उपक्रम बंद करणे व त्यासाठीचे हंगामी पद रद्द करणे.' हंगामी पद म्हणजे मी. टायपिंगची एकही चूक झाली नाही, असं नंतर कार्यालयाने कळवलं. मी रेठरेकरांना फोन केला.

"सभेत काय ते ठरेल," मी म्हणालो.

"काय ठरेल?"

"बहुतेक लग्न मोडेल."

मग ते दुःखी आवाजात म्हणाले, "अहो, पण दवाखाना इतका चांगला आहे हो."

आमच्या वार्षिक सभेची एक पद्धत आहे. पुढच्या रांगांत आपली माणसं बसवायची. चेअरमननी विषय वाचून श्वास घेतला, की ती 'मंजूर' म्हणून ओरडणार. दोन तासांची सभा वीस मिनिटांत आटपते आणि लोक जेवायला मोकळे होतात. त्या वर्षी पुढच्या रांगांत माणसं बसवायचं काम माझ्यावर सोपवलं होतं. मी व्यायामाची माणसं बसवली. दुसरी मला ओळखतच नव्हती.

आठ विषय मंजूर झाले. मग बक्षीस समारंभ, कारण नवव्याआधी थोडं गोड असावं असं नानासाहेबांचं म्हणणं होतं. डॉक्टरीणबाईंनी निकाल वाचला. शिवमूर्ती व्यासपीठावर आला. नानासाहेबांनी पोत्याला हात लावला, फोटो निघाला. शिवमूर्तीने पोतं खांद्यावर घेतलं, आणि सगळ्यांना वाटलं आता तो उतरेल.

तो माइककडे गेला. माइकची त्याला गरज नव्हती, पण गेला.

"सभासद हाय म्या बी," तो म्हणाला. "दीड एकर ऊस हाय. चेरमनसाहेब, नववा विषय म्या वाचलाय. माझ्या पायाचं बिल लई झालं, कबूल. पर बिल झालं म्हणून पाय हाय. पुढं बसलेल्या समद्यांस्नी ठाव हाय." पुढच्या रांगांत दोघातिघांनी मिशा पुसल्या. "व्यायाम चालू ऱ्हाईल. आन् उपळेकर सायबास्नी कायम करायचं. कुणाकुणाला पायजे?"

नानासाहेब माइककडे हात नेत म्हणाले, "बिराजदार, ही पद्धत नव्हे, ठराव मंडळानं..."

"हात वर!" शिवमूर्ती गरजला.

पुढच्या सगळ्या रांगांचे हात एका झटक्यात वर गेले. मागच्या रांगांनी पुढच्यांचे पाहून केले. बायकांच्या बाजूचे गेले. व्यासपीठावर बसलेल्या दोन संचालकांचे गेले. ते वसाहतीत राहत होते. जीपच्या ड्रायव्हरचे दोन्ही गेले. मी माझ्याकडे पाहिलं, तर माझेही वर होते, जे नियमात बसत नव्हतं.

नानासाहेब सभेकडे बघत राहिले. हात खाली येण्याची ते वाट बघत होते. हात येईनात. पोतं खांद्यावर घेऊन शिवमूर्ती तसाच उभा. फोटोवाल्याने फोटो काढला. नानासाहेब पंचवीस वर्षं निवडणुका जिंकलेले होते. इतके हात एका वेळी त्यांनीही पाहिले नव्हते. त्यांनी माइक हातात घेतला.

"बिराजदार माझ्या मनातलंच बोलले," ते म्हणाले. "नववा विषय दुरुस्तीसह मंजूर." मग शिवमूर्तीकडे झुकून हळू आवाजात, पण माइकवर: "आता खाली म्हण की रे बाबा."

"खाली!"

हात खाली आले आणि लोक जेवायला गेले.

जेवणाच्या मंडपात डॉक्टरीणबाई शिवमूर्तीजवळ आल्या. "बिराजदार, त्या पोत्याचं काय करणार?"

"इकलं बी मॅडम. रसवाल्याला."

माझी कायमची ऑर्डर आठवड्यात निघाली. डिसेंबरात लग्न झालं. कारखान्यातर्फे आहेर म्हणून पन्नास किलोचं एक पोतं आलं. लग्नाच्या चौथ्या दिवशी रेठरेकर आमच्या क्वार्टरवर आले. हातात थर्मास होता. मला वाटलं चहा.

"तुमच्या मॅडम दवाखान्यात किती वाजता बसतात?" त्यांनी विचारलं.

कारखान्याच्या नियमात कायम कामगाराची बायको, मुलं आणि आई-वडील यांना दवाखाना मोफत आहे. आई-वडील हयात नसतील तर त्यांच्या जागी सासू-सासरे धरतात. हा नियम मला पाठ होता. तो तासगावलाही पाठ असेल हे मला माहीत नव्हतं.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं.

"उपळेकर, तुमच्या सासऱ्यांना बारा वर्षं मधुमेह आहे. रोज दोन वेळा इन्सुलिन. थर्मासमधून आणलंय. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"मला वाटलं त्यांना गोडाची आवड नाही."

"त्यांना सांगा, सकाळी मैदानावर यायचं. बिराजदार आहेतच."

मी घरी येऊन सांगितलं. सासरे म्हणाले, "येतो की." मग त्यांनी खिडकीची काच लावून घेतली आणि म्हणाले, "जरा थंडी कमी होऊ द्या."

त्या वर्षी कारखान्याचं मधुमेहाचं बिल पुन्हा वाढलं.